खालून ओढायचा खटका

आमटीत मीठ नाही, हे आमच्या ह्यांना कधी म्हणून सांगता आलं नाही. लग्न झाल्यापासूनची ही तऱ्हा. सगळ्यांना वाढून मी पानावर बसायचे, पहिला घास घेतला की मला कळायचं, आणि मी म्हणायचे, "अहो, अळणी आहे की हो. बोलायला काय झालं?" तोवर यांची वाटी रिकामी झालेली असायची. "असेल. मला नाही जाणवलं," एवढंच. माझा नुसता संताप व्हायचा. मीठ विसरल्याचा नाही, न सांगितल्याचा. हा माणूस बोलत का नाही यावरून आमची भांडणं व्हायची, आणि त्या भांडणातही बोलायचे मीच.

हे केंद्र सरकारच्या नोकरीत होते. आमची उमेदीची सगळी वर्षं दिल्लीला, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये गेली. आजूबाजूला बंगाली, तमिळ, पंजाबी, आणि मधेमधे पेरल्यासारखी आम्ही मराठी घरं. पुढे एकेक जण निवृत्त होऊन पांगला. कोणी नोएडाला, कोणी द्वारकेला, आम्ही गुरुग्रामला, लेकीच्याच सोसायटीत. पण संक्रांतीनंतरच्या एका रविवारी सगळ्यांनी बागेत भेटायचं, हे मात्र सुटलं नाही. जानेवारीत दिल्लीला ऊन पडलं की माणसं घरात थांबत नाहीत. सतरंज्या, थर्मास, गुळाच्या पोळ्या, तिळगूळ आणि दुपारभर गप्पा.

आणि यांचे फोटो. यांच्याकडे एक जुना जर्मन कॅमेरा होता, यांच्या एका साहेबांनी निवृत्त होताना दिलेला. रेंजफाइंडर म्हणतात त्याला. त्यात भिंगातून बघायचं नसतं, बाजूच्या खिडकीतून बघायचं. फोटो झाला की उजव्या अंगठ्याने वरची दांडी ढकलायची, मग आतली फिल्म एक घर पुढे सरकते. हे काम आमचे हे इतक्या सावकाश करायचे की समोरच्याला वाटावं, संपलं सगळं. कॅमेरा डोळ्यावरून खाली घ्यायचे, दांडी ढकलायचे, समोरच्या माणसाकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचे, "गुडघा कसा आहे आता?" विचारायचे आणि मग पुन्हा कॅमेरा वर. दर घराचा एक-एक फोटो निघायचा. तो लगेच कोणाला मिळायचा नाही. पुढच्या संक्रांतीला तिळगुळासोबत पाकिटातून हातात पडायचा. गेल्या वर्षीचे आपण या वर्षी बघायचे. मुलं किती वाढली, कोण किती सुकलं, यावर हसायचं. मोबाइलवर त्याच क्षणी फोटो दिसायला लागले तरी त्या पाकिटांची वाट बघणं कोणी सोडलं नव्हतं.

गेल्याच्या गेल्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही परत आलं (बोलणं म्हणजे होतं तेवढंच). उजवा पाय ओढत का होईना चालायला लागले. हाताची बोटं हळूहळू हलली, पण उजवा अंगठा काही उठला नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. एक दिवस मी खोलीत गेले तर हे पलंगावर कॅमेरा घेऊन बसलेले. अंगठ्याने दांडी ढकलत होते. ती अर्ध्यावर जाऊन थांबायची. मग बोटाने शटर दाबून बघायचे, आणि कॅमेरा मांडीवर ठेवायचे. पुन्हा तेच. मी दारातच उभी राहिले. थोड्या वेळाने त्यांनी कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घातला, बक्कल लावून टाकलं आणि म्हणाले, "यंदा कोणीतरी मोबाइलवर काढेल."

हा माणूस मला अंथरुणाला खिळलेला दिसला तेव्हाही मी रडले नव्हते. तेव्हा धावपळच इतकी होती. त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कॅमेरा गेला तर यांच्यापाशी राहिलं काय? गप्पा मारणारा माणूस गप्पा मारून वेळ काढतो. यांचं सगळं बोलणं त्या खिडकीतून व्हायचं.

मग मला आठवलं. कित्येक वर्षांपूर्वी यांच्या एका वार्ताहर मित्राकडे असाच कॅमेरा होता आणि त्याच्या तळाशी एक पट्टी बसवलेली होती. पट्टीतून एक दुमडलेला खटका बाहेर निघायचा. डाव्या हाताच्या बोटांनी तो ओढला की फिल्म पुढे. ना अंगठा लागत, ना कॅमेरा डोळ्यावरून काढावा लागत. करर्र करून ओढायचं, खट्ट करून दाबायचं, पुन्हा करर्र. तेव्हा हे हसून म्हणाले होते, "घाईतल्या माणसांचं काम आहे हे. मला कुठली गाडी पकडायचीय?" ते मला आठवलं, आणि मी लेकीला म्हटलं, "चल, चांदणी चौकात जायचंय."

"आई यार, ऑनलाइन बघू ना," ती म्हणाली.

"बोटं तुझ्या बाबांची आहेत, ऑनलाइन नाहीत," मी म्हटलं.

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांतून आम्ही दोन खेपा केल्या. पहिल्यांदा नुसता नकार. दुसऱ्यांदा एका दुकानदाराने आतून खोकं आणलं. "मैडम, ये शौकीन लोग लेते हैं. आप क्या करेंगी?" मी म्हटलं, "शौकीन घर पे बैठा है, आप दिखाइए." त्याने आमच्या कॅमेऱ्याचं खालचं झाकण काढलं, त्या जागी ती खटक्याची पट्टी, वाइंडर म्हणतात तिला, बसवली आणि ओढून दाखवली. मी स्वतःच्या डाव्या हाताने खटका ओढून बघितला आणि वाइंडर पिशवीत टाकूनच उठले.

घरी यांच्या हातात दिला तेव्हा यांनी तो उलटसुलट करून बघितला. मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी ओढला, उजव्या तर्जनीने दाबला. करर्र, खट्ट. पुन्हा. पुन्हा. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला कसं गं सुचलं?" एवढं कौतुक मला लग्नाच्या इतक्या वर्षांत झालेलं आठवत नाही. मी हवेत. त्यानंतर रोज सकाळी बाल्कनीत रिकाम्या कॅमेऱ्यावर यांचा सराव चालायचा, आणि मी आत पोळ्या लाटत तो आवाज ऐकायचे.

राहिलं होतं ते रीळ भरणं. त्या कॅमेऱ्याला मागून दार नाही. तळाचं झाकण काढायचं, फिल्मची जीभ दुसऱ्या फिरकीच्या फटीत खोचायची आणि दोन्ही मिळून खालून आत सरकवायचं. आत काय होतंय ते दिसत नाही. एका हाताने हे होण्यासारखं नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. यांनी एक वाया गेलेलं रीळ घेऊन मला शिकवलं. वर डाव्या बाजूला एक गुंडी असते, रीळ परत गुंडाळायची. फिल्म खरंच पुढे सरकत असेल तर खटका ओढताना ती गुंडी आपोआप फिरते. "तेवढं बघायचं," हे म्हणायचे. "गुंडी फिरली की निर्धास्त."

संक्रांतीचा रविवार उजाडला तो धुक्यात. तिळगुळाचे डबे, यांच्या गोळ्या, यांची शाल, गेल्या वर्षीच्या फोटोंची पाकिटं. त्यात कॅबवाला खालून फोनवर फोन करतोय, "मैडम, गेट पे खड़ा हूँ." रीळ मी त्यातच भरलं. जीभ खोचली, आत सरकवलं, वाइंडर बसवला, ओढला, दाबला. दुसरं रीळ लागलं तर असू दे म्हणून पर्समध्ये टाकलं. यांनी दारातून विचारलं, "गुंडी फिरली?"

"फिरली हो, बिल्कुल फिरली. चला आता."

बागेत पोचेपर्यंत ऊन आलं होतं. यांना काठी टेकत येताना बघून सगळे उठून उभे राहिले. मी पाकिटं वाटली, तिळगूळ वाटला, आणि मग यांनी गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला. करर्र, खट्ट. सगळीकडून "अरे वा" झालं. मला काय राहवतंय? मी सगळ्यांना तो वाइंडर दाखवला, चांदणी चौकाची कथा सांगितली, दुकानदाराची नक्कल केली. "आणि रीळसुद्धा आज मी भरलंय बरं का. यांच्या कॅमेऱ्याची कंपाउंडर आता मी." बायका हसल्या. क्वार्टरच्या दिवसांतल्या, शेजारच्या ब्लॉकमधल्या एक वहिनी म्हणाल्या, "दादा, आता डॉक्टरकी पण त्यांनाच देऊन टाका." हेही हसले.

यांना तसं फोटो काढताना मी कधी बघितलं नव्हतं. कॅमेरा खाली येतच नव्हता. एका घराचे दोन-दोन, तीन-तीन फोटो. आजारपणात विझलेला चेहरा कॅमेऱ्याच्या मागे जेवढा दिसत होता तेवढा उजळलेला. मधे एकदा थांबले. कॅमेरा डोळ्यावरून काढला, त्याच्या माथ्याकडे बघत एकदा खटका ओढला, आणि मग मान वर करून मला शोधलं. मी वहिनींना वाइंडरचंच काहीतरी सांगत होते. आमची नजरानजर झाली. मी लांबूनच खुणेने विचारलं, काय झालं? त्यांनी मान हलवली, काही नाही. आणि कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावून माझ्याकडे वळवला.

माझे फोटो हे फारसे काढायचे नाहीत. मीच काढू द्यायचे नाही, थांबायला मला वेळ कुठे असायचा. त्या दिवशी मात्र हे काढतच राहिले. मी पदर सारखा केला, केस मागे घेतले, तिळगुळाचा डबा खाली ठेवला. करर्र, खट्ट. "अहो पुरे, रीळ संपेल," मी म्हटलं. "संपू दे," हे म्हणाले.

मग म्हणाले, "संपलं." घरी आल्यावर मी गुंडाळायला कॅमेरा मागितला तर दिला नाही. "मी करतो." बाल्कनीत, माझ्याकडे पाठ करून, डाव्या हाताने कितीतरी वेळ ती गुंडी फिरवत बसले.

चार दिवसांनी लॅबवाल्याचा फोन आला. "आंटी, रील तो पूरी खाली है. फिल्म आगे चली ही नहीं." यांना कसं सांगायचं? दुपारपर्यंत मी तोंडाला कुलूप लावून बसले, माझ्यासारखीने. शेवटी जेवताना सांगितलं. हे शांतपणे भात कालवत म्हणाले, "माझ्याच बोटांत दम नाही. खटका पुरा ओढला जात नसणार. अर्धा ओढला की फिल्म कशी सरकेल?"

शपथेवर सांगते, मला ते पटलं. पटणारच. आजारी हात यांचा, माझे हात धडधाकट. मी म्हटलं, "असू दे. पुष्कळ झालं. आता त्या हाताला त्रास नको." म्हणाले, "नको." मी वाइंडर काढून खोक्यात ठेवला, कॅमेरा पिशवीत घातला आणि दोन्ही कपाटात वरच्या खणात टाकलं. यांच्या डोळ्यांसमोर राहायला नको, म्हणून. मला वाटलं, मी फार शहाणपणाचं केलं. हे पुन्हा कधी कॅमेऱ्याबद्दल बोलले नाहीत, आणि मीही कधी विषय काढला नाही.

होळी गेली. सोसायटीच्या फाटकापाशी बहावा फुलला, पिवळ्या झुंबरांनी सगळा रस्ता भरून गेला. हे बाल्कनीतून बघत बसायचे. खुर्चीच्या हातावर यांच्या डाव्या हाताची दोन बोटं सारखी आत ओढल्यासारखी हलायची. मी फिजिओथेरपिस्टला विचारलं, आता डाव्या हातातही काही सुरू झालं की काय? तो म्हणाला, डावा हात उत्तम आहे. "मग ती बोटं गप्प ठेवा हो, मला भीती वाटते," मी यांना म्हटलं. त्यांनी तो हात शालीखाली घेतला.

दिवाळीच्या आधी दुसरा झटका आला आणि तासाभरात सगळं संपलं.

या संक्रांतीला जावं की नाही, मला ठरवता येईना. जायचं तर पाकिटांशिवाय जायचं. मग वाटलं, निदान पुढच्या वर्षीची तरी असू देत. फोटो आपण काढू. यांनी शिकवलंय ते हात विसरले नसतील. गेल्या आठवड्यात, ऊन बाल्कनीत आल्यावर, मी कॅमेरा आणि वाइंडर खाली काढले. रीळ शोधावं लागलं नाही. ते माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यातच होतं, त्या रविवारपासून.

या वेळी खाली कॅब नव्हती. मी चष्मा लावून, सावकाश, यांनी दाखवलं तसं भरलं. खटका ओढला. थांबले. हाताला जड लागला, आतून काहीतरी ओढत आणल्यासारखा. गुंडी फिरली, स्पष्ट, डोळ्यांदेखत. त्या रविवारी सकाळी ती अशी फिरलेली मी पाहिली होती का? मी आठवून आठवून थकले. मला फोनची रिंग आठवते, गुंडी आठवत नाही.

तरीही मनाने एक वाट शोधली, की यांची बोटं कमजोर होती, हेही खरं असेल. म्हणून मी मुद्दाम खटका अर्धाच ओढला आणि शटर दाबलं. दाबलंच जाईना. बटण दगडासारखं गच्च. पुरा ओढला, तेव्हा कुठे खट्ट झालं. पुन्हा अर्धा ओढून बघितला. पुन्हा गच्च. आणि मला ते पलंगावर बसलेले आठवले, अर्ध्यावर अडलेली दांडी आणि शटर दाबून बघणारं बोट. खटका पुरा ओढल्याशिवाय हा कॅमेरा वाजतच नाही. आणि त्या दिवशी बागेत तो दुपारभर वाजत होता. प्रत्येक वेळी. सगळ्यांनी ऐकलं, मी ऐकलं.

यांच्या बोटांना काहीही झालेलं नव्हतं. फिल्मची जीभ फटीतून निसटली होती, आणि ती मी खोचली होती. हे यांना जेवताना कळत होतं. बाल्कनीत पाठ करून गुंडी फिरवताना कळत होतं. बागेत मधेच थांबून माथ्याकडे बघितलं तेव्हाच कळलं असणार. मान वर केली तर समोर मी, कंपाउंडर, चार बायकांत मिरवत उभी. काय सांगणार? अळणी आमटी संपवली तशी यांनी ती दुपार संपवली. आणि रिकामा कॅमेरा डोळ्याला लावून माझ्याकडे बघत राहिले. मी पदर सारखा करत होते.

मला यांचा राग येतो. आज, आत्तासुद्धा येतो. हात चांगला असून हा माणूस हात गेला असं म्हणाला, आणि मी विश्वास ठेवून कॅमेरा कपाटात टाकला. तो बहावा निघाला असता. लेकीचे, माझे, खालच्या बागेतल्या म्हाताऱ्यांचे फोटो निघाले असते. सबंध वर्ष निघालं असतं, आणि आज माझ्या हातात पाकिटं असती. त्याऐवजी यांची दोन बोटं खुर्चीच्या हातावर खटका ओढत राहिली आणि मी त्यांना गप्प बसवलं.

एवढंच म्हणायचं होतं हो, "अगं, रीळ नीट बसलेलं नाही, परत भर." दुसरं माझ्या पर्समध्ये होतं. मी चार बायकांदेखत चिडले असते, तुम्हीच घाई केलीत म्हणाले असते, घरी येईपर्यंत धुसफुसले असते. पण मी ते भरलं असतं.